“काका, आज पाणी जड लागून राह्यलं”

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. थंडीत बंद राहिलेला तलाव नुकताच उघडला होता. तिनं दोन लॅप मारले, कठडा धरला आणि म्हणाली, “काका, आज पाणी जड लागून राह्यलं.” मी म्हटलं, “दोन महिन्यांनी उतरलीस बाळा, हात सुटायला वेळ लागेल.” ती काही बोलली नाही. तिसऱ्या लॅपला माझी काठी नेहमीच्या अंतरावर तिच्या डोक्याला लागली. तिनं नेहमीसारखा एक हात मारला आणि भिंतीसाठी दुसरा लांबवला. भिंत तिथं नव्हती. अर्धवट आणखी एक हात मारायला गेली तेव्हा पेरं कठड्याच्या फरशीवर आपटली आणि दोन बोटं सोलून निघाली.

ती पूर्ण अंध आहे, कॉलेजात शिकते. मी तिचा टॅपर. लेनच्या टोकाला काठी घेऊन उभं राहायचं आणि भिंत जवळ आली की काठीच्या मऊ टोकानं तिच्या डोक्याला किंवा खांद्याला स्पर्श करायचा, हे माझं काम. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अंध जलतरणपटूंच्या एस-११ गटात असा टॅपर दोन्ही टोकांना सक्तीचा असतो, आणि कुणालाही किंचितसुद्धा दिसू नये म्हणून सगळ्यांचे गॉगल काळे केलेले असतात. आमची काठी ॲल्युमिनियमची आहे, टोकाला टेनिसचा चेंडू बसवलाय. काठीत काही दोष नव्हता. दोष माझा होता, कारण तिनं मला आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

“पाणी जड आहे” या तीन शब्दांत तिनं जे सांगितलं ते समजायला मला पुढचे काही महिने लागले. २५ मीटर जायला तिला एकवीस हात लागतात. डोळस माणूस तळाची काळी रेघ पाहतो, रेघेच्या टोकाचा टी आला की वळतो. तिच्याकडे रेघ नाही, मोजणी आहे. त्या दिवशी पाणी थंड होतं. थंड पाण्यात दंडाचे, खांद्याचे स्नायू पूर्ण ताकद देत नाहीत, बोटं बधिर झाली की तळव्याला पाण्याचा दाब नीट कळत नाही, आणि हात नकळत आखूड पडू लागतो. एकवीस हात पुरेनासे होतात. तिच्या डोक्यातला आकडा संपला होता आणि तलाव संपला नव्हता. माझी काठी जुन्या लयीवर चालत होती. तिची लय बदलली होती.

थंड पाणी खरोखरच थोडं दाट असतं, हेही सांगून टाकतो. ३० अंशांच्या पाण्यापेक्षा २० अंशांचं पाणी सुमारे पाव पटीनं अधिक चिकट असतं. पण पोहणाऱ्याच्या वेगात या चिकटपणाचा वाटा लहान आहे. जडपणा मुख्यतः शरीरात येतो. ती म्हणते पाणी जड झालं. खरं तर तिचे हात जड झालेले असतात, आणि ते तिला माझ्याआधी, घड्याळाआधी कळतं.

दिव्यांग जलतरणपटूंबद्दल बोलताना आपण सगळे एकच शब्द वापरतो, जिद्द. वर्तमानपत्राचा मथळा जिद्दीचा, सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण जिद्दीचं, शाळेतल्या फळ्यावरचा सुविचारही तोच. या शब्दाला माझा आक्षेप आहे. जिद्द खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण हा शब्द इतका ऐसपैस पसरतो की त्याखाली त्या माणसाचं कसब दिसेनासं होतं. आणि जिद्दीला काय लागतं? टाळ्या, शाल, श्रीफळ. कसबाला पाण्याचे तास लागतात, पाण्याचं ठरलेलं तापमान लागतं, ताणलेले लेन रोप, म्हणजे लेन वेगळ्या करणारे दोर, लागतात, शिकलेला कोच लागतो. जिद्दीचं कौतुक करून आपण या सगळ्याच्या खर्चातून मोकळे होतो. नागपूर हे वर्षानुवर्षं करत आलंय, म्हणून हा लेख.

कांचनमाला पांडेचं उदाहरण घ्या. जन्मांध, मूळची अमरावतीची, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारी. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिनं २०० मीटर मेडलेमध्ये सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत सरकारी पैसे वेळेवर न पोचल्यानं तिला उसनवारी करावी लागली होती, तेही सगळ्यांनी वाचलं. दोन्ही बातम्यांमधून आपण तिची जिद्दच उचलली. मेडले म्हणजे काय, याचा विचार किती जणांनी केला?

मेडले म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल, एकेक ५० मीटर, सलग. दृष्टी नसताना चार पद्धतींच्या चार वेगवेगळ्या मोजण्या डोक्यात ठेवायच्या. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत, एक आधी लागला तर बाद होण्याची भीती. त्यामुळे टॅपरचा स्पर्श हात पुढे येण्याच्या नेमक्या क्षणी हवा. बॅकस्ट्रोकला तर भिंत डोक्यामागून येते. त्यात मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे, आपलं नागपूर सुमारे ३१० मीटरवर. तिथल्या हवेत एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत पाऊणच. म्हणजे श्वास घेण्याची ठरलेली घडी मोडते, श्वास वाढले की डोकं जास्त वेळा फिरतं, डोकं फिरलं की शरीर रेषेबाहेर जातं, आणि रेषेबाहेर गेलं की लेन रोपला खांदा घासतो. हे सगळं शर्यतीत, अंधारात, हातांची मोजणी न चुकवता सांभाळायचं. हे कसब आहे. संतूर वाजवणाऱ्याच्या कसबाइतकंच बारीक. त्याला नुसतं जिद्द म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि हे कसब प्रत्येकाचं वेगळं असतं, कारण प्रत्येक शरीर वेगळं असतं. पॅरा जलतरणात एस-१ ते एस-१० शारीरिक अपंगत्वाचे गट, ११ ते १३ दृष्टीचे, १४ बौद्धिक अक्षमतेचा. तलावात कृत्रिम हात-पाय लावता येत नाहीत, आहे त्या शरीरानंच पोहायचं. ब्राझीलचा गॅब्रिएल आराउजो एस-२ गटात आहे, त्याला हात नाहीत. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं तीन सुवर्णपदकं घेतली, सगळं अंग माशासारखं लाटेत हलवून. चीनच्या झेंग ताओलाही दोन्ही हात नाहीत, तो शर्यत संपवताना डोकं भिंतीला लावतो. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव विजेच्या धक्क्यात लहानपणी दोन्ही हात गमावून बसला आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आला. ज्या पद्धतीत लोकांच्या मते सगळं काही हातांवर अवलंबून, त्याच पद्धतीत.

एक हात कोपरापासून नसलेल्या जलतरणपटूंवर इंग्लंडमधल्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात बरंच काम झालंय. त्यातून दिसलं की असे जलतरणपटू वेग वाढवतात तो तेवढ्याच वेळात जास्त हात मारून, एका हातात कापलं जाणारं अंतर वाढवून नव्हे. उलट वेग वाढताना प्रत्येक हाताचं अंतर घटतच जातं. यात एक गोष्ट दडलेली आहे, जी तलावाच्या काठावर उभं राहिलं की उघड दिसते. पूर्ण हात पाण्यात हातभर खोल जातो, तिथं पाणी तुलनेनं शांत असतं. आखूड हात वरच्या थरातच फिरतो, आणि तलावातला सगळा गोंधळ त्याच थरात असतो. शेजारच्या लेनमधून कुणी जोरात गेला, भिंतीवरून लाट परतली, कुणी काठावरून उडी टाकली, की पूर्ण हाताच्या माणसाला जरासा धक्का बसतो आणि आखूड हाताला पाणीच सापडत नाही. मग तो काय करतो? खांदा अधिक वळवतो, अंग कुशीवर जास्त घेतो, म्हणजे आखूड हात थोडा तरी खाली जावा. श्वासाची बाजू बदलतो, लाट येते तिकडे तोंड वळवत नाही. पायांचा ठोका वाढवतो, कारण तोल आता पायांनी राखायचा असतो. आमच्याकडे येणारा एक मुलगा हे सगळं आपोआप करतो. त्याला कुणी शिकवलं नाही. गर्दीच्या बॅचमध्ये पोहून पोहून शिकला. मला त्याचं कौतुक वाटतं आणि वाईटही वाटतं, कारण शांत पाण्यात आपला वेग किती आहे, हे त्याला आजही माहीत नाही. शांत पाणी त्याला कधी मिळालेलंच नाही.

पाण्याच्या लाटा हा मोठ्या स्पर्धांमध्येही वादाचा विषय असतो. पॅरिसमध्ये ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्हींचं जलतरण ज्या तलावात झालं त्याची खोली २.१५ मीटर होती. खोली तीन मीटर असावी अशी जागतिक संघटनेची शिफारस आहे. उथळ तलावात लाटा तळावर आपटून परत वर येतात, पाणी संथ होत नाही, म्हणून तो तलाव धीमा आहे अशी ऑलिम्पिकभर चर्चा झाली. त्याच पाण्यात महिनाभरानं पॅरा जलतरणपटू उतरले तेव्हा अशी चर्चा माझ्या तरी वाचनात आली नाही. ज्यांना त्या लाटांचा सगळ्यात जास्त हिशेब करावा लागतो, त्यांच्याबद्दल पाण्याच्या भाषेत बोलायची सवयच आपल्याला नाही.

आता तापमान. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश असावं असा नियम आहे. नागपूरच्या उघड्या, गरम-थंड करण्याची सोय नसलेल्या तलावात ही मर्यादा वर्षातले किती दिवस पाळली जाते, हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारं आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली उतरणारं हे शहर आहे. एप्रिलअखेरीस संध्याकाळच्या बॅचला पाण्यात हात घातला तर अंघोळीचं पाणी वाटतं. धडधाकट माणसाला यानं दम लागतो, चिडचिड होते, तो दोन लॅप कमी मारतो. पण मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं काय होतं? इजेच्या खालच्या भागात घाम येणं, रक्तवाहिन्या पसरणं-आखडणं, कुडकुडणं, यांवर त्याच्या मेंदूचा ताबा नसतो. शरीर तापलं तरी ते थंड करायची यंत्रणा अर्धीच चालते, आणि गारठलं तरी तेच. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या मुलांचं दुसरं, गार पाण्यात त्यांचे स्नायू अधिक ताठरतात. ज्या पायाला सैल सोडायला सहा महिने शिकवलं, तो पाय थंड पाण्यात दहा मिनिटांत काठी होतो.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहला दहा किलोमीटरच्या समुद्री शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा पट्टीचा पोहणारा पाण्यातच गेला. पाणी आणि हवा दोन्ही तापलेली होती. त्यानंतर खुल्या पाण्याच्या शर्यतींसाठी ३१ अंशांची वरची मर्यादा आली. तो अव्वल दर्जाचा, निरोगी खेळाडू होता. आपल्या तलावांच्या काठी पाण्याचा थर्मामीटरसुद्धा टांगलेला नसतो, आणि व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला आपण म्हणतो, उतरा, काही होत नाही.

गढूळ पाण्याचंही सांगतो, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. एस-१२, एस-१३ गटातल्यांना थोडं दिसतं. थोडं म्हणजे तळाची काळी रेघ, पाणी नितळ असेल तर. उन्हाळ्यात कडक उन्हानं क्लोरीन लवकर उडतो, गर्दी असते, फिल्टर कमी पडतो आणि दुपारपर्यंत पाणी दुधाळ होतं. डोळस माणसाला रेघ पुसट दिसते. या मुलांना ती दिसतच नाही. सकाळच्या तलावात ते अल्पदृष्टी असतात आणि संध्याकाळच्या तलावात पूर्ण अंध, पण त्यांच्यासाठी टॅपर नसतो, कारण कागदावर त्यांना दिसतं.

विदर्भातल्या आमच्या पिढीतले बरेच जण विहिरीत शिकले. पाठीला वाळका भोपळा नाही तर रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा आणि मामानं ढकलून द्यायचं. विहिरीचं पाणी वर कोमट आणि दोन हात खाली गार असतं, उन्हाळ्यात पातळी रोज उतरते, पावसाळ्यात रंग बदलतो. आम्ही पाणी कसं बदलतं हे नकळत शिकलो. त्यात धोका होता, मेलेलीही मुलं आठवतात, म्हणून त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण एक गोष्ट त्या विहिरींनी दिली ती हल्लीच्या तलावातल्या मुलांना मिळत नाही. पाणी एकसारखं नसतं हे अंगाला माहीत असणं.

ज्या खेळाडूला पुढे जायचंय त्याला हे हवंच. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड असतं, त्यात शरीर वर येतं. ज्याच्या पायात ताकद नाही त्याचे मागे लोंबणारे पाय समुद्रात थोडे उचलले जातात, ओढ कमी होते, मग डोकं किती खाली ठेवायचं ते पुन्हा ठरवावं लागतं. दुसरीकडे, समुद्रात दिशा पाहायला अधूनमधून डोकं वर काढावं लागतं आणि डोकं वर आलं की कंबर बुडते. पाय मारणारा ती कंबर परत उचलतो. पाय न मारणाऱ्याला ती छातीनं आणि हातांनी उचलावी लागते, दर वेळी. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्री जलतरणाची स्पर्धा भरते, आपल्याकडची मुलं रात्रभर गाडीत बसून जातात, आणि खारं पाणी त्यांच्या अंगाला पहिल्यांदा लागतं ते थेट शर्यतीत.

दक्षिण आफ्रिकेच्या नताली दु त्वाचा डावा पाय २००१ साली अपघातानंतर कापावा लागला. सरावाहून परतताना तिच्या स्कूटरला गाडीनं धडक दिली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, पॅरालिम्पिकमध्ये नव्हे, ती दहा किलोमीटरच्या खुल्या पाण्यातल्या शर्यतीत उतरली आणि सोळावी आली, कृत्रिम पाय न लावता. एक पाय नसला की पायांचा ठोका एका बाजूचा होतो, शरीर फिरू पाहतं. ते हातांनी आणि कमरेनं सावरत दोन तास पोहायचं. ती तिथं पोचली ती सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत चौथी येऊन. तिच्या मागे वेगवेगळ्या पाण्यातली कित्येक वर्षं होती. आपल्याकडेही उदाहरणं आहेत. बंगालचे मसुदूर रहमान बैद्य दोन्ही पाय नसताना १९९७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले. ग्वाल्हेरकडच्या सतेंद्रसिंग लोहियांनी २०१८ मध्ये दिव्यांगांच्या रिले संघातून तीच खाडी पार केली. आणि या सगळ्यांच्या आधी आपले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा सैनिक उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आला. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

नागपूरकडे अंबाझरी आहे, गोरेवाडा आहे, फुटाळा आहे. इतके तलाव असलेल्या शहरात खुल्या पाण्याचा एकही नियमित, देखरेखीखालचा सराव दिव्यांगांसाठी नसावा, हे मला पटत नाही. यावर लगेच उत्तर येतं की तलावात माणसं बुडतात. हो, बुडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा शेजारच्या वस्त्यांत काय झालं हे या शहरानं पाहिलंय, पाण्याची भीती मी हलक्यात घेत नाही. पण जी माणसं बुडतात ती बहुतेक देखरेख नसताना उतरलेली असतात. मी मागतोय ती देखरेख. आठवड्यातून एक सकाळ, जलपर्णी काढलेला एक आखलेला पट्टा, बोयांची रांग, होडीत दोन जीवरक्षक, पाण्याची तपासणी करून लावलेला कागद. पाणी वाईट असेल तर त्या दिवशी सराव रद्द. पॅरिसमध्ये सीन नदीचं पाणी पावसानं खराब झालं तेव्हा पॅरा ट्रायथलॉनची शर्यतही पुढे ढकलली गेली होती. रद्द करणं हाही व्यवस्थेचा भाग असतो.

दुसरा आक्षेप मी तलावाच्या ऑफिसात स्वतः ऐकलाय. “साहेब, येतात किती? चार पोट्टे. त्यांच्यासाठी पाणी गरम करायचं का?” हा प्रश्न वाईट मनानं विचारलेला नव्हता, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. येणारे चारच का आहेत? कारण त्या तलावाला दारापर्यंत रॅम्प आहे आणि दारानंतर सात पायऱ्या. पाण्यात उतरायला फक्त उभी लोखंडी शिडी आहे, जिला हातांनी धरून पायांनी उतरावं लागतं. व्हीलचेअरवरचा माणूस इथवर येऊन पाणी बघून परत जातो, आणि पुढच्या वेळी येत नाही. मग रजिस्टरमध्ये चार नावं राहतात आणि ती चार नावं पुरावा म्हणून दाखवली जातात.

कायदा या बाबतीत मोघम नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, त्याचं कलम ३०, फक्त खेळांवर आहे. क्रीडासुविधांची रचना दिव्यांगांसाठी नव्यानं करणं, खेळात त्यांना लागणारी स्पर्श-आवाज यांसारखी साधनं पुरवणं, प्रशिक्षणाच्या उत्तम सुविधांसाठी निधी देणं, हे सगळं त्यात सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. त्याच कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे, मुदत २०२२ ला संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, काही बंधनकारक करावेच लागतील. मी वकील नाही. पण “चार पोट्ट्यांसाठी” हा प्रश्न कायद्यानं आधीच निकाली काढलाय, एवढं मलाही कळतं.

खर्चाचं म्हणाल तर सगळं महाग नाही. तलावाची सगळ्यात जास्त उष्णता रात्री बाष्पीभवनातून उडून जाते. हिवाळ्यात रात्री पाण्यावर आच्छादन पसरलं तर ती बरीच टिकते, आणि नागपुरात उन्हाचा तुटवडा नाही, सौर पॅनेलवर पाणी तापवता येतं. उन्हाळ्यात उलट करायचं, रात्री पाणी उघडं ठेवायचं, दिवसा तलावावर सावलीचं कापड ओढायचं. थर्मामीटर, आणि रोजचं तापमान लिहायला एक फळा. लेन रोप असतातच, ते ताणून लावायचे, कारण अंध मुलगी सैल दोरीवर रेटा देते तेव्हा दोरी तिच्याबरोबर सरकते आणि तिला कळतच नाही की आपण तिरकी चाललो आहोत. रोज एक तास, एका वेळी लेनमध्ये एकच जण, काठावरून उड्या बंद. हे करायला पैसे कमी आणि मन जास्त लागतं. खर्चिक गोष्ट एकच, पाण्यात उतरवणारी लिफ्ट. ती सगळ्या तलावांना नको, शहरात निदान दोन ठिकाणी हवी, एक उत्तरेला, एक दक्षिणेला.

आणि कोच. आपल्या कोचमंडळींना पोहणं येतं, शिकवणंही येतं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण एका हाताच्या मुलाला ते दोन हातांच्या मुलाचंच वेळापत्रक अर्धं करून देतात. लॅप निम्मे, विश्रांती दुप्पट, झालं. त्याचा खांदा किती वळतो, तो श्वास कुठल्या बाजूला घेतो, लाटेत तो काय बदलतो, हे पाहायचं असतं हेच कुणी त्यांना सांगितलेलं नाही. टॅपरचंही तेच. मी यूट्यूबवर पाहून शिकलो. ती बोटं सोलली गेली नसती, जर मला कुणी शिकवलं असतं की टॅपरनं भिंत बघायची नसते, हात बघायचा असतो.

त्या सकाळनंतर आम्ही एक वही केली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, पाणी, हात. मुलांच्या अंघोळीच्या टबात टाकतात तसला एक तरंगता थर्मामीटर औषधाच्या दुकानातून आणला आणि शिडीला सुतळीनं बांधला. तापमान मी लिहितो, पण त्याआधी ती सांगते, पाणी जड की हलकं. दहातल्या आठ वेळा तिचं आणि थर्मामीटरचं जुळतं. जेव्हा जुळत नाही तेव्हा बहुधा शेजारच्या लेनमध्ये गर्दी असते. आता तिनं “जड” म्हटलं की मी काठी अर्ध्या हातानं उशिरा लावतो, आणि ती एकवीसऐवजी तेवीस मोजते.

मागच्या आठवड्यात तलावाच्या ऑफिसात अर्ज दिला. हिवाळ्यात तलाव बंद करू नका, आच्छादन घाला, सकाळचा एक तास आम्हाला द्या. सोबत वहीच्या बत्तीस पानांच्या झेरॉक्स जोडल्या. साहेबांनी पानं चाळली, एका जागी थांबून विचारलं, “हे पाणी जड, पाणी हलकं, हे काय लिहिलंय?” मी तिला पुढे केलं. ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहून बोलू लागली आणि साहेबांनी मोबाइल उलटा करून ठेवला.